गोगलगाईची दारं आणि पांडेसऱ्याचा कारबा

मी प्रयोगशाळेत नोकरी करत होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "रक्त-लघवी तपासायच्या का?" नाही, गोगलगाई तपासायचे, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघतो. नवरा बँकेतला, त्यामुळे त्याच्या शब्दाला जगात वजन आहे. तो शांतपणे "हो, गोगलगाईच," म्हणतो, आणि मग माझ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

माझं माहेर चोपड्याचं. जळगावला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली, लग्न होऊन सुरतेला आले आणि एका कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात तंत्रसहायक म्हणून लागले. तिथे मधुकांत सर नावाचे प्राध्यापक होते. पक्के सुरती. म्हणजे मनाने लोणी आणि तोंडाने, काय सांगावं, छापता येणार नाही. शिव्या मात्र ते माणसांना कधीच देत नसत, फक्त यंत्रांना. मी लागले त्या दिवशी त्यांनी मला एक जुना ॲम्प्लिफायर दाखवला, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि म्हणाले, "पाटीलबेन, आ तमारो. संभाळो." पुढची कितीतरी वर्षं मी तो सांभाळला.

आता कामाचं सांगते. घाबरू नका, मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

प्रत्येक जिवंत पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडं. पडद्यात बारीक बारीक दारं असतात, त्यातली काही फक्त पोटॅशियमसाठी राखीव. पेशी खवळली, म्हणजे तिच्यात विजेची लाट आली, की ही दारं उघडतात, थोडं पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी शांत होते. आपलं हृदय धडधडतं, मेंदू विचार करतो, ते या उघडझापीवर. पण यातली काही दारं फार लहरी. उघडायचा हुकूम चालूच असतो आणि ती मध्येच आपण होऊन मिटतात. माझा धाकटा मुलगा लहानपणी असाच होता. हाक मारली की उठून बसायचा, आणि मी हाका मारतच असताना बसल्या बसल्या परत झोपायचा. मग कितीही ओरडा, उपयोग नाही. जरा वेळ त्याचा नाद सोडला तरच पुढच्या हाकेला उठायचा. शास्त्रात याला दारं निष्क्रिय होणं म्हणतात. आम्ही आपलं 'दमणं' म्हणायचो. दार किती वेळात दमतं आणि दमलेलं दार किती वेळात ताजंतवानं होतं, एवढंच आम्ही मोजायचो.

त्यासाठी गोगलगाय का? तर तिच्या मज्जापेशी भल्या मोठ्या असतात. भल्या मोठ्या म्हणजे बारीक रव्याच्या कणाएवढ्या. त्यात काचेच्या दोन सुया खुपसायच्या, एक वीज मोजायला आणि एक वीज द्यायला. या सुया आम्हीच काचेची नळी तापवून, ताणून बनवायचो. टोक इतकं बारीक की साध्या डोळ्यांना दिसतच नाही, फक्त मोडलेलं कळतं.

आणि मोडायला कारणंही भरपूर होती. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. खटक-खटक-खटक, दिवसभर. जमीन थरथरली की सुई थरथरली आणि सुई थरथरली की पेशी फाटली. सरांनी पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणल्या, त्यांत हवा भरली, वर कडाप्पा ठेवला आणि त्यावर सगळं यंत्र मांडलं. थरथर पुष्कळ कमी झाली. तरीसुद्धा नाजूक प्रयोग आम्ही लूमवाल्यांच्या सुट्टीच्या दिवशीच करत असू. अख्ख्या कॉलेजात लूमच्या सुट्टीची वाट लूमकामगारांइतक्याच आतुरतेने बघणारी माणसं आम्हीच.

गोगलगाई आणून देणाऱ्या जमनाबेनची तर मोठीच गंमत. डुमसच्या बाजूच्या तळ्यांतून ओल्या गोणपाटात गोगलगाई घेऊन यायच्या. आम्ही त्या खातो, अशी त्यांची पहिली दोन वर्षं खात्री होती. खात नाही हे कळल्यावर त्या फार नाराज झाल्या.

"खाता नथी, तो करो छो हूं?" म्हणजे, मग करता तरी काय?

सर म्हणाले, "एमनी वीज मापिए छीए, बेन."

जमनाबेनने गोणपाटातल्या एका गोगलगाईकडे निरखून बघितलं. "तो बिल कोने आवे?"

सरांनी त्या दिवशी त्यांना ठरल्यापेक्षा पाच रुपये जास्त दिले.

गोगलगाई आमच्याकडे काचेच्या टाकीत असत. एकदा झाकण नीट लागलं नाही आणि सकाळी एक बाईसाहेब संस्थापकांच्या तसबिरीवर सापडल्या, बरोबर मिशीवर. हसू येतं, पण या जीवांचं वाईटही वाटायचं. टेबलावर घेण्याआधी सर प्रत्येक गोगलगाईला हलकेच म्हणायचे, "माफ करजे, बेन." कधी विसरले नाहीत. मीही मनातल्या मनात म्हणायचे. आजही पावसाळ्यात भिंतीवर गोगलगाय दिसली की मी तिला हात लावत नाही, वाट देते.

वैशाली आमच्याकडे पीएचडीला आली. तिचे वडील भगवानभाऊ पांडेसऱ्याला डाय हाऊसमध्ये, म्हणजे साडीच्या कापडाला रंग देण्याच्या कारखान्यात, रंगाच्या मशीनवर होते. मूळचे अमळनेरकडचे. त्यांच्या वस्तीत पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीच मोजक्या, आणि ही तर गोगलगाईच्या पेशीत सुया घालायला निघाली. मुलगी सडपातळ, अबोल, पण हात असा की मी पंधरा-वीस जणांचे हात त्या सुयांवर पाहिले, तसा दुसरा पाहिला नाही. घरी अहिराणी बोलायची, आमच्याशी पुस्तकी मराठी, सरांशी गुजराती. अहिराणी मात्र घराबाहेर तिच्या तोंडून कधी ऐकली नाही. मी मुद्दाम अहिराणीत काही विचारलं तरी ती लाजून मराठीत उत्तर द्यायची.

तिचा विषय सरांचा लाडका. बाहेरच्या पाण्यात पोटॅशियम कमी केलं की दारं लवकर दमतात, वाढवलं की उशिरा दमतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. पहिलं वर्ष सुरेख गेलं. सर तिच्या आलेखांकडे असे बघायचे जसे आपण नातवाच्या गुणपत्रिकेकडे बघतो.

एका गोष्टीची मात्र घाई होती. सर पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते, आणि त्यानंतर आमची खोली दुसऱ्या विभागाला जाणार हे ठरलं होतं. म्हणजे यंत्र बांधून ठेवलं जाणार. तोवर वैशालीचे प्रयोग पुरे झाले नाहीत तर तिची पीएचडी अधांतरी. दुसरीकडे कुठे असं यंत्र नव्हतं आणि असे सरही नव्हते.

आणि नेमकी त्याच वर्षी आम्ही माती खाल्ली.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतरचं ते वर्ष. सुरतेत ज्याला त्याला स्वच्छतेचं वेड लागलं होतं. सरांनीही फर्मान काढलं की गोगलगाईचं पाणी आता उघड्या बरणीत ठेवायचं नाही. हे पाणी म्हणजे क्षार मोजून घातलेलं, पेशीला तळ्याऐवजी घरच्यासारखं वाटावं असं पाणी. ते आठवड्याचं एकदम करायचो. मोठं झाकणाचं भांडं हवं होतं. वैशालीने घरी सांगितलं असणार, कारण पुढच्याच रविवारी भगवानभाऊ सायकलच्या कॅरिअरला कारबा बांधून घेऊन आले. कारबा म्हणजे रसायनाचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन. कारखान्यात रिकामे झालेले पडून असतात, मालकाला विचारून आणला होता. घासून इतका लख्ख केला होता की मी म्हटलं, "भाऊ, यात तर तोंड दिसेल."

ते खूश झाले. मग अवघडून म्हणाले, "ताई, मनी पोर आठे काय करस, माले एकदाव दखाडा ना."

मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवली. त्यांनी खूप वेळ बघितली. काय दिसलं कोण जाणे, पण डोळा काढल्यावर त्यांनी त्या सूक्ष्मदर्शकाला हात जोडले. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ते अधूनमधून यायचे, स्टुलावर बसायचे, कोणाला त्रास द्यायचे नाहीत. एकदा वस्तीतल्या दोघांना घेऊन आले. पेशी-बिशी राहू द्या, त्यांनी आधी कोपऱ्यातला कारबा दाखवला. "हाऊ मना," म्हणजे हा माझा.

आणि वैशालीचे प्रयोग बिघडायला लागले. दारं उघडली की झटकन दमायची, आणि दमली की परत ताजी व्हायचीच नाहीत. पोटॅशियम वाढवलं तरी नाही. एखाद्या दिवशी सगळं छान, दुसऱ्या दिवशी परत तेच. आम्ही सगळ्यांवर संशय घेतला. गोगलगाई आजारी असतील म्हणून जमनाबेनला तळं बदलायला लावलं. मी ॲम्प्लिफायर सुटा करून परत जोडला. सरांनी लूमच्या मालकाला जाऊन विनंती केली, तो बिचारा म्हणाला, साहेब, मशीनं तीच आहेत, मीही तोच आहे. शेवटी वैशालीने स्वतःवरच ठपका ठेवला. "ताई, माझा हातच बिघडलाय." शेजारच्या विभागातले एक गृहस्थ दारात उभं राहून म्हणाले, "हे काम प्रत्येकाला जमतंच असं नाही." प्रत्येकाला म्हणजे कोणाला, ते मला कळलं आणि तिलाही कळलं. त्यांच्या विभागाचा स्टॅबिलायझर दुरुस्तीला आला होता, तो मी पुढे महिनाभर दुरुस्त केला नाही.

असं करत करत खंडेनवमी आली. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आमच्याकडे यंत्रांची पूजा आदल्या दिवशी व्हायची. पूजा माझ्याकडे, पेढे सरांकडे. वैशाली पूजेत नसायची. दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून आई-आप्पांबरोबर विहारात जायचं, तो तिचा दसरा. मला म्हणायची, "ताई, पूजा तुमची, पेढे आपले." ती खिडकीपाशी भिंगं पुसत बसली होती.

मी ताट मांडलं. माझ्या वहिनीने चोपड्याहून पाठवलेलं कुंकू होतं, खरं हळदीचं, घरी केलेलं, बाजारातलं रंगाचं नव्हे. वाटीत घेतलं, ओलं करायला पाणी हवं, तर नळाला पाणी गेलेलं. कारब्यात गोगलगाईचं पाणी तळाला थोडं होतं. म्हटलं, यंत्रांना चालेल. कारबा चांगला आडवा केला, वाटीत थोडं ओतलं, बोटाने कालवलं.

कुंकू पिवळं झालं.

मला वाटलं चुकून हळद घेतली. टाकून दिलं, नीट बघून पुन्हा कुंकू घेतलं, पुन्हा पाणी घातलं. पुन्हा पिवळं. मी वहिनीच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली, "बघ गं, भेसळीचं कुंकू पाठवलं आमच्या वहिनीने. लग्नात साड्यांतही अशीच फसवाफसवी केली होती."

वैशाली उठून आली. वाटीत वाकून बघितलं. "ताई, कुंकू हळदीचंच ना? मग लाल कशाने होतं?"

"चुन्याने. एवढं मलाही ठाऊक आहे."

"आणि लालचं परत पिवळं?"

चुना मारणारं काहीतरी पाण्यात असल्याशिवाय ते होत नाही. चुना मारतं आंबट. तिने बाटलीतल्या साध्या शुद्ध पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं, ते लालच राहिलं. मग आम्ल तपासायचा कागद आणला आणि कारब्यातल्या पाण्यात बुडवला. कागद लाल झाला, म्हणजे पाणी आंबट. पाणी करताना आम्ही त्याचा आंबटपणा दर वेळी मापून जुळवायचो, पण काचेच्या बरणीत. कारब्यात गेल्यावर परत कोणी मापलं होतं? आंबटपणा सावरून धरणारं जे रसायन त्यात घालायचो तेही परदेशी, महागडं, म्हणून सर ते हात राखून घालायला लावायचे. आता कोडं सुटलं: पाणी केल्या केल्या बरणीतून थेट घेतलं त्या दिवशी प्रयोग चांगला, कारब्यातून घेतलं त्या दिवशी बिघडलेला.

पण इतका घासलेला कारबा आंबट कसा? वैशालीने त्याच्या मुठीला नाक लावलं, तर तिखट आंबट वास आला. कारब्याची मूठ पोकळ असते, ती आतून कॅनलाच जोडलेली. पॉलिस्टरला रंग धरावा म्हणून डाय हाऊसमध्ये एसिटिक ॲसिड वापरतात, म्हणजे तिखट व्हिनेगरच समजा. ते या मुठीत दडून बसलं होतं. कॅन तिरका केला की थोडं थोडं उतरायचं. कॅन आतून-बाहेरून घासता येतो, मुठीच्या पोटात कोणाचा हात जाणार?

वैशाली खाली फरशीवर बसली. "माझं वर्ष गेलं, ताई." आणि मग म्हणाली, "आप्पांना सांगू नका. त्यांना कळलं तर ते परत इथे पाऊल टाकणार नाहीत."

तेवढ्यात सर पेढे घेऊन आले. आम्ही सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा खोका ठेवला, आधी तो कारबा बनवणाऱ्या कारखान्याला दोन सणसणीत दिल्या, मग स्टुलावर बसून वैशालीचे बिघडलेले आलेख मागितले. ते चुरगळून एका खोक्यात टाकलेले होते. त्यांनी एकेक मांडीवर ठेवून हाताने सरळ केला. मला त्यांचीच काळजी वाटत होती. पोटॅशियमवर त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती, आणि इथे चमचाभर आंबट त्याच्यावर कुरघोडी करून बसलं होतं.

शेवटचा आलेख सरळ करून सर म्हणाले, "वैशाली, आ बगडेलुं नथी. आ जवाब छे. आपण प्रश्नच दुसरा विचारत होतो." त्यांचं मराठी-गुजराती असं एकाच वाक्यात नांदायचं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाटीलबेन, पोटॅशियम तो मारी दीकरी, लाडकी मुलगी. पण आ एसिड तो एनी सासू निकळी!"

वैशाली रडता रडता हसली. सरांनी तिला पेढा दिला आणि सांगितलं, आता पाणी मुद्दाम आंबट करायचं, मापून, काचेत, पायरी पायरीने. हृदयविकाराचा झटका आला की रक्त न पोचलेला स्नायू आंबतो, मेंदूतही तेच होतं. तिथे ही दारं काय करतात हे कळायला नको? आणि दुसरा हुकूम: भगवानभाऊंना यातलं अवाक्षर सांगायचं नाही.

नंतरचे महिने आम्ही झपाटल्यासारखं काम केलं. लूमची सुट्टी असो नसो. जे दिसलं ते असं: बाहेरचं पाणी जितकं आंबट, तितकी आमच्या गोगलगाईची दारं लवकर दमतात आणि उशिरा ताजी होतात. पण त्याच आंबट पाण्यात पोटॅशियम भरपूर घातलं की दारं पुष्कळशी सावरतात. कारब्याच्या दिवसांत ती का सावरली नाहीत? कारण आंबट किती आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं आणि घातलेलं पोटॅशियम त्याला पुरत नव्हतं. सर समजावायचे की आम्लाचे कण दाराच्या बाहेरच्या तोंडाशी बसतात आणि तोंड मिटायला लावतात. तिथेच पोटॅशियम उभं असलं तर ते दारात पाय अडकवून ठेवल्यासारखं असतं, दार सहजी मिटत नाही. सासूपुढे मुलीचंही थोडं चालतं म्हणायचं. सरांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी ॲम्प्लिफायरला शिवी न देता थोपटलं.

भगवानभाऊ मध्ये दोनदा येऊन गेले. आल्या आल्या नजर कोपऱ्यात. कारबा आम्ही टाकला नव्हता, फरशी पुसायच्या पाण्याला ठेवला होता, पण ते त्यांना कशाला सांगा. सर म्हणाले, "भाऊ, तुमचा कारबा एकदम फर्स्ट क्लास." वैशाली त्या वेळी सूक्ष्मदर्शकातून डोळा वर काढायची नाही. खोटं तिला सहन होत नव्हतं, आणि खरं सांगवतही नव्हतं. मला एकदा म्हणाली, "ताई, मी त्यांना कधी फसवलं नव्हतं हो."

मार्च संपायच्या आत शेवटची पेशी मोजून झाली. सर निवृत्त झाले, ट्यूबांमधली हवा मीच काढली, ॲम्प्लिफायर खोक्यात घातला. खोली गेली. आज तिथे काय आहे ते बघायला मी गेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात वैशालीची तोंडी परीक्षा झाली, सगळ्यांसमोर असते तशी. बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले होते. पहिल्या रांगेत विभागातले लोक, ते दारात उभं राहून बोलणारे गृहस्थही. शेवटच्या रांगेत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात भगवानभाऊ, आणि त्यांच्या शेजारी मी. सगळं इंग्रजीत चाललेलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मुलगी बोलायला लागली की ते पुढे सरकून बसायचे आणि परीक्षक बोलायला लागले की खुर्चीची कड धरायचे.

वैशालीने सगळ्या प्रश्नांची उत्तरं ठणठणीत दिली. मग परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं की तुम्ही पोटॅशियमवर काम करत होता, मध्येच आम्लाकडे वळलात. ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?

मी सरांकडे बघितलं. सर छताच्या पंख्याकडे बघत होते. प्रबंधात 'योगायोगाने' असा एक शब्द घालून भागलं होतं, इथेही भागलं असतं. वैशालीने टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकवला, मागच्या रांगेकडे एकदा बघितलं आणि सांगितलं. इंग्रजीतच सांगितलं, पण शब्द काही लपत नाहीत. माय फादर. पांडेसरा. कारबा. एसिटिक ॲसिड.

भगवानभाऊंनी उभा जन्म ते ॲसिड हाताळलं होतं. माझ्या शेजारची खुर्ची करकरली. ते उभे राहिले होते.

"साहेब," त्यांचा आवाज अख्ख्या खोलीत गेला, "मी तो कारबा घसी घसी धुयेल व्हता!"

पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं आणि सगळेच हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण भाऊंचा चेहरा उतरला. मी त्यांचा हात धरायला गेले, तर सर उठून मागे वळले आणि त्यांच्या त्या खिचडी मराठीत ओरडले, "भगवानभाऊ, तुमी मुठीपर्यंत बराबर धुतला असता ना, तर आ छोकरीला हा शोध लागलाच नसता!"

पुन्हा हसू. भाऊ मात्र हसले नाहीत. सर, परीक्षक, कोणाकडेही न बघता त्यांनी थेट मुलीला विचारलं, घरात विचारावं तसं, "वैशू, मनामुये तुनं नुसकान व्हयनं का?"

वैशाली टेबल सोडून पुढे आली. परीक्षा चालू आहे, असं करत नाहीत. दोन रांगांच्या मधून ती अर्ध्यापर्यंत आली, आणि एवढ्या लोकांत, पहिल्यांदाच, अहिराणीत बोलली.

"नही, आप्पा. तुमना कारबा नसता ते माले हाई कधी समजतंच नही."

भाऊ हळूच खाली बसले. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "ताई, कारबा कामले उना मंग." मी मान हलवली. वैशाली परत टेबलापाशी जाऊन पुढच्या प्रश्नासाठी ताठ उभी राहिली. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, समोरचा प्रबंध मिटला आणि म्हणाले, "माझे प्रश्न संपले."